बांधावरचं वारं

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुतण्याचा गावाकडून फोन आला. पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा, दादाचा मुलगा. आता त्यांची बाग आणि आमचा ऊस दोन्ही तोच बघतो. आमचं रान त्याच्याकडे वाट्यानं आहे.

"काका, बांधावर लई माजलंय ओ. वेड्या बाभळी, घाणेरी, सुबाभूळ.. आत शिरता येईना झालंय. दुकानदार म्हणतोय एक औषध आहे, मारलं की महिन्याभरात सगळं वाळून जातंय. मारू का?"

आमच्याकडे तणनाशकालाही 'औषध'च म्हणतात. तणाचं औषध. मारायचं औषध! असो.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "वारं कुठलं आहे?"

पलीकडे दोन क्षण शांतता. मग तो हसला. म्हणाला, "बाबा म्हणालेच होते, काका पहिल्यांदा वाऱ्याचंच विचारतील म्हणून."

आता हे वाऱ्याचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. आई वाचेल तर म्हणेल, "हे कशाला चव्हाट्यावर?" पण गेल्या दोन वर्षांत माझ्या तीन-चार मित्रांनी गावाकडे नाहीतर मुळशी-भोरकडे जमिनी घेतल्यात. शनिवार-रविवार शेती करतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "तणासाठी काय मारू रे?" हाच असतो. त्यांना तोंडी सांगून कंटाळलो. म्हणून लिहितोय.

गोष्ट २०१२ च्या दिवाळीची. आमचं गाव तासगाव तालुक्यात, येरळेच्या अंगाला. रान दोन भावांच्या वाटणीतलं. मधे एक बांध. बांधाच्या पूर्वेला आमचा ऊस, पश्चिमेला दादाची सोनाका द्राक्षाची बाग. अण्णा (माझे वडील) तेव्हा सत्तरीला टेकलेले. गुडघे गेलेले, पण पहाटे पाच वाजता रानात हजर. ऑक्टोबरात उसाची लागण केलेली, आणि दिवाळीपर्यंत सरीतून ऊस कमी आणि तणच जास्त दिसत होतं. तांदुळजा, घोळ, आघाडा, कडेकडेनं गाजरगवत, आणि मधूनच वर चढू बघणारे वेल. खुरपायला बायका मिळेनात. दिवाळीत कशाला येतील? त्यांनाही घर आहे, पोरंबाळं आहेत.

मी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेलो. कॉम्प्युटरवाला माणूस, शेतीतलं थोडंफार वाचलेलं. अण्णांना म्हणालो, "खुरपणीचं टेन्शन घेऊ नका. निवडक तणनाशक असतं. ऊस सोडतं आणि बाकीचं मारतं. मी मारतो."

अण्णा म्हणाले, "पाडवा झाला की बघू."

मला कुठला दम निघतोय. १६ तारखेला पुण्याला परत जायचं होतं. पाडव्याच्या दिवशीच, १४ नोव्हेंबरला, सकाळी दुकानातून बाटली आणली. दुकानदाराला 'टू-फोर-डी द्या' एवढंच सांगितलं, त्यानं जे हातात आलं ते दिलं. पंप आमचा बिघडलेला, म्हणून दादाकडचा मागून आणला. हो, दादाकडचाच! ओवाळणी, जेवण, बासुंदी सगळं उरकून दुपारी बारा-साडेबाराला पंप पाठीवर घेतला. ऊन चांगलंच होतं. पूर्वेकडून झुळूक येत होती. उसात काम करताना ती इतकी छान वाटली! घाम सुकत होता. त्या झुळकेबद्दल मी तेव्हा एवढाच विचार केला.

अडीच वाजेपर्यंत सगळं मारून झालं. पंपात एकदा पाणी फिरवलं, विहिरीजवळ ओतलं आणि पंप दादाकडे नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला. दोन-तीन दिवसांतच अण्णांचा फोन, "तण मान टाकायला लागलंय." मी खूश. ऑफिसात दोघातिघांना फुशारकीनं सांगितलं सुद्धा.

२० तारखेला दादाचा फोन आला. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मला सायकल शिकवली त्यानं.

"पाडव्याला उसात काय मारलंस?"

"टू-फोर-डी. का रे दादा?"

"माझी बाग बघायला ये एकदा."

तेव्हा मी जे बोललो त्याची अजून लाज वाटते. मी म्हणालो, "दादा, मी आमच्याच रानात मारलंय. आणि ते निवडक असतं. उसाला बघ, काही झालंय का?"

तो म्हणाला, "उसाला न्हाई झालं. तू येऊन बघ." आणि फोन ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी रात्रीच्या एस्टीनं गेलो. सकाळी बागेत शिरलो आणि मला काही सांगायची गरजच उरली नाही. बांधालगतच्या ओळींतल्या वेलींचे शेंडे आकड्यासारखे वळलेले. द्राक्षाचं पान कसं हाताच्या पंजासारखं पसरट असतं.. ही नवी पानं बारकी, मिटलेल्या पंख्यासारखी झालेली. शिरा एकमेकींना चिकटल्यागत जवळ आलेल्या, कडांचे दाते टोकदार. ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर बाग नेमकी फुलोऱ्यात होती. घड पिळवटल्यासारखे दिसत होते. दादानं एक घड हलकेच हलवला आणि तळहातावर कळ्या पडल्या. त्या त्यानं मला दाखवल्या नाहीत, नुसत्या खाली टाकल्या. पहिल्या पाच ओळी वाईट, मग हळूहळू कमी कमी होत दहाव्या-बाराव्या ओळीपर्यंत खुणा. जसं काही कोणी उसाच्या बाजूनं फुंकर घातली होती.

आणि पंप? तो गोठ्याच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला. "वास मारत हुता, म्हणून बागेत न्हेला न्हाई," दादा म्हणाला. नेला असता तर उरलेली बागही मी त्याच्याच हातून मारली असती.

आता जरा तांत्रिक. हे मला नंतर कळलं, मारण्याआधी कळायला हवं होतं.

'निवडक' या शब्दानं माझा घात केला. मला वाटलं होतं निवडक म्हणजे चांगलं ठेवतं आणि वाईट मारतं. पण औषधाला आपलं पीक कुठलं आणि तण कुठलं हे कुठं ठाऊक असतं? टू-फोर-डी हे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडलेलं, तेव्हापासून जगभर वापरात. रुंद पानाच्या झाडात ते शिरलं की झाडाला वाटतं वाढायचा हुकूम आलाय, आणि ते वेडंवाकडं वाढत सुटतं. देठ पिळवटतात, खोड चिरतं, आतल्या रसवाहिन्या बंद पडतात. ऊस, ज्वारी, मका, गहू ही सगळी गवताच्या कुळातली. ती हे औषध आपल्या अंगात बरंचसं निकामी करून टाकतात, शिवाय त्यांच्या खोडाची रचनाही वेगळी. म्हणून ती तगतात. म्हणजे निवड होते ती पान रुंद की गवताचं यावरून. तांदुळजा रुंद पानाचा. आणि द्राक्षही रुंद पानाचंच! कापूस, टोमॅटो आणि द्राक्ष ही तर या औषधाला सगळ्यात हळवी पिकं. आपण मारतो त्याच्या कितीतरी कमी अंशानंही त्यांची पानं वळतात. उसात हरभरा किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल तर 'उसाला चालतं' या सर्टिफिकेटाचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट. टू-फोर-डी तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि एस्टर. मी आणलेली बाटली एस्टरची होती. एस्टर पानात लवकर शिरतं, पण उन्हात त्याची वाफही होते. मारताना थेंब उडाले ते वेगळेच, मारून झाल्यावर पानांवरून, मातीवरून वाफ उठली ती वेगळी. म्हणजे पंप ठेवून मी बासुंदीची दुसरी वाटी खात होतो तेव्हाही माझं औषध बांध ओलांडत होतं.

तिसरी गोष्ट नोझल. पंपाला कीटकनाशकाचं गोल फवारा उडवणारं नोझल होतं, धुक्यासारखं बारीक. कीड मारायला ते बरं, पानाच्या सगळ्या बाजू भिजतात. तणनाशकाला मात्र पंख्यासारखा चपटा फवारा सोडणारं नोझल लागतं, थेंब जाड पडायला हवेत, दाब कमी, नोझल जमिनीच्या जवळ, आणि वर प्लॅस्टिकचं हूड. बारीक थेंब हवेत तरंगतो. जाड थेंब आपल्या वजनानं खाली पडतो. एवढं साधं आहे. आणि ते हूड तेव्हाही फार महाग नव्हतं. द्राक्षाच्या एका पेटीच्या पैशात आलं असतं.

अण्णांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या रविवारी संध्याकाळी टोपी घातली, काठी घेतली आणि दादाच्या घरी गेले. मी मागोमाग. अण्णा ओसरीवर बसले आणि म्हणाले, "चूक आमची हाय. किती नुकसान झालं ते सांग."

दादा म्हणाला, "काका, तुमच्याकडनं पैसे घेऊ व्हय मी?"

घेतले नाहीतच. अण्णांनी दोनदा पाठवून बघितले, दोनदा परत आले. पण त्याच्या घराचा स्लॅब त्या सालच्या बागेवर ठरलेला होता. भिंती उभ्या होत्या, सळया वर आलेल्या. त्या सळया तशाच राहिल्या. पुढची दिवाळी, त्याच्या पुढची दिवाळी.. मी गावात शिरलो की वळणावरून पहिल्यांदा त्या गंजलेल्या सळया दिसायच्या. स्लॅब २०१५ मध्ये पडला. आज मला फोन करणारा पुतण्या तेव्हा पाचवीत होता आणि दोन पावसाळे पत्र्याखाली अभ्यास करत होता.

भांडण असं झालंच नाही. पण २०१३ च्या दिवाळीत आईनं पाठवलेला फराळाचा डबा घासूनपुसून रिकामा परत आला. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. अगदी काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं तो डबा फळीवर उपडा ठेवला आणि काही बोलली नाही. २०१४ ला डबा परत आला तेव्हा वहिनींनी त्यात बेदाणे घातले होते. तेव्हाही आई काही बोलली नाही, पण ते बेदाणे तिनं महिनाभर पुरवून पुरवून खाल्ले.

त्याच सुमारास मी कंपनीच्या कामानं अमेरिकेत, टेक्ससमध्ये ऑस्टिनला गेलो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं रान फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला होतं. गुरांचं कुरण. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यानं मला तिकडे नेलं. गाडीतून उतरलो तर समोर चक्क आपली वेडी बाभूळ! तसंच पान, तसाच काटा, तशाच शेंगा. तिकडे तिला मेस्किट म्हणतात. जात वेगळी पण भाऊबंदच, दोन्ही प्रोसोपिस. आपली वेडी बाभूळही मूळची अमेरिका खंडातलीच. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. :-)

सासरेबुवांचं मत मात्र आमच्या गावच्यासारखंच होतं. म्हणाले, ही कापली की चारपट होते. खरंच आहे. जमिनीखाली, मुळाच्या माथ्यावर झोपलेले डोळे असतात. वरचं खोड तोडलं की ते सगळे जागे होतात आणि एका खोडाचं झुडूप होतं. म्हणून तिकडे एकेक झाड गाठून त्यावर औषध मारतात. ट्रायक्लोपायर आणि क्लोपायरॅलिड ही त्यांची निवडक औषधं. झुडूप मरतं, खालचं गवत राहतं, कारण कुरणात गवतच तर हवं असतं. पण त्यालाही वेळ असते. वसंतातली कोवळी पोपटी पानं गर्द हिरवी झाली पाहिजेत आणि जमीन आतपर्यंत तापली पाहिजे, साधारण २४ अंशांच्या वर. त्याआधी झाडाचा रस वर शेंड्याकडे चाललेला असतो, औषध खाली जातच नाही. पानं पिकली की झाड मुळाकडे अन्न पाठवायला लागतं, त्याच वाटेनं औषधही त्या झोपलेल्या डोळ्यांपर्यंत पोचतं. कुठलं झाड झालं आणि कुठलं राहिलं हे कळायला औषधात निळा रंग मिसळतात. नाहीतर एकाच झाडावर दोनदा मारलं जातं, आणि जास्त मारलं तर पानं नुसती जळतात आणि मूळ जिवंत राहतं. जास्त औषध म्हणजे जास्त परिणाम नव्हे! हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी हातमोजे चढवले, पंप भरला, मग कुंपणाच्या तारेला बांधलेल्या एका रिबिनीकडे बघितलं. ती फडफडत होती. फार नाही. मला तर ते वारं वाराच वाटलं नसतं. पाच मिनिटं थांबले. परत बघितलं. मग पंप गाडीत ठेवला आणि म्हणाले, चला, जेवायला जाऊ.

मी म्हटलं, आपण दोन तास गाडी चालवून आलो ना यासाठी?

त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. थोडं लांब, उतारावर, ओळीनं द्राक्षाच्या वेली. त्या भागात वाइनच्या द्राक्षाच्या बागा खूप आहेत. म्हणाले, मेस्किट कुठे पळून जात नाही. शेजारीही नाही.

मी जेवताना फारसं बोललो नाही. सहकाऱ्याला वाटलं उन्हाचा त्रास झाला असेल.

नंतर कळलं की टेक्ससमध्ये टू-फोर-डीसारख्या संप्रेरकी तणनाशकांवर राज्याचे वेगळे नियम आहेत, हळव्या पिकांचं नुकसान होऊ नये म्हणून. म्हणजे माझ्यासारखे तिकडेही बरेच असणार. पण त्या म्हाताऱ्यानं नियम म्हणून पंप खाली ठेवला नव्हता. तारेपलीकडचा माणूस त्याला रोज भेटत होता.

परत आल्यावर मी आमच्याकडच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो, चार गोष्टी विचारल्या, वहीत लिहून काढल्या. अण्णा गेले २०१९ मध्ये. २०२० च्या टाळेबंदीत मी आठ महिने गावाकडून काम केलं, तेव्हा पुतण्याला हाताशी धरून ती वही अमलात आणली. मित्रांनो, तुमच्यासाठी त्यातलं थोडं.

बाटलीवरचं लेबल आणि आतली घडी घातलेली चिठ्ठी पूर्ण वाचायची. आपल्या पिकाचं नाव त्यावर नसेल तर मारायचं नाही, शेजाऱ्याच्या पिकाला घातक असेल तरी मारायचं नाही. लेबलवरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सरबत नव्हे.

वारं. अंगाला जाणवेल इतकं असेल तर थांबायचं. पण पहाटे पान हलत नाही तेव्हाही मारू नये हे मला नवीन होतं. जमिनीलगत गार हवेचा थर असतो, त्यात बारीक थेंब धुरासारखे तरंगत राहतात आणि भलतीकडे जाऊन बसतात. सकाळी ऊन पडल्यावर, हवा किंचित हलती आणि शेजारच्या पिकाच्या उलट दिशेला वाहती असेल ती वेळ चांगली. पुढचे चार-सहा तास पाऊस नको.

पंप. तणनाशकाचा पंप वेगळा. त्यावर तैलरंगानं मोठं 'तण' लिहून ठेवलंय आम्ही. कितीही धुतला तरी तो पिकात न्यायचा नाही. आधी नुसतं पाणी भरून एक गुंठा मारून बघायचा. किती लिटर लागलं ते चाळीसनं गुणलं की आपल्या चालीचा एकराचा हिशेब मिळतो. प्रत्येकाची चाल वेगळी असते. 'पंपाला एक झाकण' हे माप नव्हे.

अंग. पूर्ण बाह्या, गमबूट, रबरी हातमोजे (कापडी नको, ते औषध धरून ठेवतात), चष्मा. औषध ओतताना जास्त जपायचं, कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. पंप पाठीवर गळत नाही ना, हे आधी पाण्यानंच बघायचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, आणि कपाशी डोक्याच्या वर गेलेली. पण विष अंगात जायच्या वाटा त्याच: कातडी, नाक, तोंड. ज्याला रोजानं फवारायला सांगतो त्याला हातमोजे देणं हे आपलं काम आहे. मालक बांधावर आणि गडी औषधात, हे बरोबर नाही.

बाटली. रिकामी झाली की तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही नाही. पॅराक्वाटसारख्या औषधाला तर उतारा नाही. चुकून पोटात गेलेला एखादा घोटही जिवावर बेततो. हे वाचून कोणाच्या तरी घरातली एक बाटली आज जागेवर गेली तरी माझं लिहिणं वसूल.

आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट: मारायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगायचं.

आमच्या उसात आता टू-फोर-डी येतच नाही. लागणीनंतर तीन-चार दिवसांत, तण उगवायच्या आधी, ओलीवर उसाला शिफारस केलेलं तणनाशक मातीवर मारतो, तेही मागे मागे सरकत, म्हणजे मारलेल्या जागेवर पाय पडून थर मोडत नाही. बांधालगतच्या पाच सऱ्या मात्र बिनऔषधाच्या. अण्णांनीच २०१३ पासून तसं चालू केलं होतं. मजूर मिळो न मिळो, त्या सऱ्या हातानं खुरपायच्या. शेवटच्या वर्षी गुडघे वाकत नव्हते, तर पोतं टाकून त्यावर बसून खुरपत होते.

असो. तर पुतण्याचा प्रश्न: बांधावर मारू का?

एवढा बांध का माजला, याचंही उत्तर याच गोष्टीत आहे. पूर्वी दरवर्षी पावसाळ्यानंतर दादा आणि अण्णा मिळून बांध साफ करायचे. २०१२ नंतर कोणीच केला नाही. त्यांनी म्हटलं नाही, आम्ही म्हटलं नाही. बोलणं सुरू झालं, डबे सुरू झाले, पण बांध राहिला तो राहिलाच. तेरा वर्षांत बाभळीनं हातपाय पसरले.

मी विचारलं, "दुकानदार देतोय ते कुठलं?" त्यानं नाव सांगितलं. ग्लायफोसेट. ते तर निवडक सुद्धा नाही, हिरवं दिसेल ते मारतं. आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनं ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच वापरायचं असा नियम केलाय. "दुसरं काहीतरी निवडक मिळेल की," तो म्हणाला. मी म्हटलं, "वेडी बाभूळ रुंद पानाची, घाणेरी रुंद पानाची, सुबाभूळ रुंद पानाची. आणि पलीकडे चार हातांवर काय आहे?"

"बाग," तो म्हणाला.

मग या दिवाळीत चार दिवस आम्ही कुदळ, पहार आणि कोयते घेऊन बांधावर उतरलो. मी, पुतण्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दादाही. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी एक पद्धत सांगितलेली आहे: मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मुळं आभाळाकडे. मग ते परत रुजत नाही. नंतर तिथे गवत लावायचं, नाहीतर बिया परत उगवतात. बारक्या वेड्या बाभळी पावसाची ओल होती म्हणून मुळासकट निघाल्या. मोठ्यांना खणून तो झोपलेल्या डोळ्यांचा माथा खालून तोडला. घाम काढला त्यांनी! सुबाभळीचं तत्त्व असं की शेंग धरू द्यायची नाही. तोडायची, पाला शेळ्यांना, फुटली की परत तोडायची. तिची बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणजे हे काम एका दिवाळीचं नाही.

खोड कापल्याबरोबर, चार-पाच मिनिटांच्या आत, सालीखालच्या ओल्या कड्याला ब्रशनं औषध लावायची रीतही आहे. त्यात फवारा नाही, म्हणून वाऱ्याचा प्रश्न येत नाही. ओसाड माळावर, ज्या औषधाच्या लेबलवर ते लिहिलंय तिथे जरूर करावी. आमच्या बांधावर मात्र एका बाजूला द्राक्षाची मुळं, दुसऱ्या बाजूला विहीर. म्हणून कुदळच बरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं सावलीला बसलो होतो. झुळूक आली. पूर्वेकडूनच, नेहमीची. बांधाच्या मधोमध एक काठी रोवलेली होती, तिला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ती बागेच्या दिशेनं फडफडली. पुतण्यानं बांधून ठेवली असणार, असं मला वाटलं. मी तसं म्हटलंही.

दादा म्हणाला, "न्हाई. काकांनी बांधलीय. तेराच्या दिवाळीत."

म्हणजे अण्णांनी. दरवर्षी चिंधी विरली की बदलायचे म्हणे. ते गेल्यापासून दादा बदलतो. आईकडून जुनं लुगडं मागून नेतो.

मला हे तेरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनींनी डबा दिला. मी न उघडताच पिशवीत ठेवला. पुण्यात येऊन उघडला तर वर चकल्या, खाली बेदाणे.